पोर्ट आयझॅक : 'डॉक मार्टिन'च्या गावात अप्पांबरोबर एक दिवस

आमचे अप्पा सत्तावीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते. राहायचं क्वार्टर दवाखान्याला लागूनच. जेवताना दार वाजायचं, रात्री दोनला वाजायचं, गणपतीच्या आरतीतही वाजायचं. 'डॉक मार्टिन' ही ब्रिटिश मालिका त्यांनी टॅबवर इंग्रजी सबटायटल्स लावून पहिल्या भागापासून शेवटपर्यंत दोनदा पाहिली, याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही. लंडनचा नावाजलेला सर्जन. अचानक त्याला रक्ताची भीती बसते, शस्त्रक्रिया सुटते आणि तो लहानपणी सुट्टीत आत्याकडे जायचा त्या समुद्रकाठच्या गावात जीपी, म्हणजे गावचा साधा डॉक्टर, होऊन येतो. बोलायला कडू, हसणं माहीत नाही. अप्पा म्हणतात, "बोलणं सोड. तो पेशंटकडे बघतो कसा ते बघ. नखं बघतो, चाल बघतो, जीभ बघतो. बघणं हीच अर्धी तपासणी."

यंदा आईअप्पा जूनमध्ये ब्रिस्टलला माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी एकच मागणी केली. लंडन नको, किल्ले नकोत, डॉक्टर मार्टिनचा दवाखाना दाखव. आई नातीजवळ थांबली आणि आम्ही दोघं निघालो. परत आल्यावर ओळखीतल्या तीन-चार घरांतून विचारणा झाली की वयस्कर माणसांना घेऊन तिथे जावं का. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मालिकेतलं पोर्टवेन नकाशावर सापडणार नाही. ते कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावरचं पोर्ट आयझॅक. या नावाचा आयझॅक नावाच्या माणसाशी संबंध नाही. जुन्या कोर्निश भाषेतल्या 'धान्याचं बंदर' अशा अर्थाच्या शब्दांवरून ते आलं असं मानतात. आयटीव्ही वाहिनीवर २००४ ते २०२२ या काळात मालिकेचे दहा सीझन झाले आणि बाहेरची बहुतेक दृश्यं याच गावात टिपली गेली. डॉक्टरची भूमिका करणारा मार्टिन क्लून्स इथे दुकानातल्या पोस्टकार्डावरही भेटतो. त्याही आधी १९७०च्या दशकातल्या 'पोल्डार्क' मालिकेचं शूटिंग इथे झालं होतं. कॅमेऱ्याला हे गाव का आवडतं ते पहिल्या वळणावर कळतं. दोन डोंगरांच्या बेचक्यात पांढरी घरं, पाटीच्या दगडाची काळपट छपरं आणि मधे ओंजळीएवढं बंदर.

ब्रिस्टलहून गाडीने तीन तास लागतात. एक्झिटरपर्यंत मोटरवे, पुढे लॉन्स्टनपर्यंत ए३०, तिथवर काहीच त्रास नाही. शेवटचे काही मैल मात्र सांभाळून. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाणारी झुडपांची कुंपणं आणि मधे एका गाडीपुरता रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की रुंद जागा मिळेपर्यंत मागे मागे जायचं. मला तीनदा जावं लागलं. मागे गाडी नेण्याचा सराव नसेल तर बरोबर दुसरा ड्रायव्हर असू द्या. गाडी गावात न्यायचा विचारही करू नका. वर न्यू रोडला मोठा पैसे भरून लावायचा तळ आहे, तिथेच लावायची. तिथून समुद्र दिसतो आणि गाडीतून उतरल्या उतरल्या वारा अंगावर येतो. जून असूनही अप्पांना स्वेटर चढवावा लागला. नाणी आणि मोबाइलवरचं पार्किंगचं ॲप, दोन्ही जवळ ठेवा. माझ्या फोनला तिथे रेंज नव्हती आणि नाण्यांनीच काम भागलं.

खरी परीक्षा इथून सुरू होते. वाहनतळापासून बंदरापर्यंत चालत दहा मिनिटं, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण ती दहा मिनिटं उताराची आहेत आणि येताना त्याचीच पंचवीस होतात. अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे, उजवा गुडघा दुखरा. आम्ही ठरवूनच सावकाश उतरलो. वाटेत उंच दगडी इमारत लागते, ती मालिकेतल्या शिक्षिकेची, लुईसाची शाळा. एकेकाळी ती खरोखरच गावची शाळा होती, आता तिथे हॉटेल आहे. अप्पा फाटकाजवळ थांबले. "पोरांना मधल्या सुट्टीत हा समुद्र दिसत असणार," म्हणाले. त्यांच्या दवाखान्यासमोरच्या जिल्हा परिषद शाळेतून खाडी दिसायची. ती मीही पाहिलेली आहे, तिसरीपर्यंत त्याच शाळेत होते मी.

फोर स्ट्रीटवरून खाली येताना मालिकेतलं मिसेस टिशेलचं औषधांचं दुकान लागतं. खऱ्या आयुष्यात तिथे औषधं मिळत नाहीत, त्यामुळे गोळ्या घरूनच आणायच्या. अप्पांची रक्तदाबाची गोळी मी पर्समध्ये ठेवली होती. पुढे उजव्या-डाव्या हातांना बोळ फुटतात. त्यातला टेम्पल बार नावाचा बोळ 'स्क्वीझी बेली' म्हणून ओळखला जातो, पोट आवळून जायचा बोळ. सर्वांत अरुंद ठिकाणी तो जेमतेम अठरा इंच, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर आहे. अप्पा आडवे होऊन आरामात गेले. कोकणातल्या दोन घरांमधल्या पाणंदीची आठवण येईल असा तो आहे, फक्त इथे गडग्याच्या जागी चुन्याच्या भिंती.

आता भरती-ओहोटी. या गावाचं वेळापत्रक बघून न जाणं ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

आम्ही गेलो तो वटपौर्णिमेचा दुसरा दिवस. सकाळी निघतानाच अप्पांनी हिशोब मांडला होता. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. प्रतिपदेला पाऊण. म्हणजे पाऊण वाजता बंदर भरलेलं असणार, होड्या तरंगत असणार, असं धरून ते चालले होते. आम्ही बाराच्या सुमाराला खाली प्लॅटवर पोचलो, तर बंदरात पाणीच नाही. प्लॅट म्हणजे बंदरालगतची उघडी जागा, गावाचं अंगणच म्हणा. समोर ओली वाळू, दोरखंडांना बांधलेल्या होड्या कुशीवर कललेल्या, शेवाळाने हिरवे झालेले साखळदंड आणि त्यातून वाहणारा एक ओढा. अप्पा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "उलटं आहे. इथे पौर्णिमेला दुपारी ओहोटी."

खरोखरच तसं आहे. या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती सकाळ-संध्याकाळी साधारण सहाच्या आसपास येते आणि दुपारी सुकती. शिवाय फरक प्रचंड. मोठ्या उधाणाला सहा-सात मीटर पाणी वर-खाली होतं, आमच्या रत्नागिरीला त्याच्या निम्मंही होत नाही. त्यामुळे पोर्ट आयझॅक ही दोन वेगवेगळी गावं आहेत. दुपारचं वाळूचं गाव, ज्यात तुम्ही होड्यांच्या मधून चालत बंदराच्या तोंडापर्यंत जाऊ शकता, आणि संध्याकाळचं पाण्याचं. दोन्ही बघायची असतील तर पौर्णिमा किंवा अमावस्येच्या जवळचा दिवस धरा आणि किमान सहा तास थांबा. अष्टमीच्या आसपास गेलात तर बरोबर उलट होईल, दुपारी पाणी आणि संध्याकाळी वाळू. पंचांग बघून सहलीचा दिवस ठरवणं मला तरी या देशात पहिल्यांदाच इतकं उपयोगी वाटलं.

ओहोटीत वाळूवर गाड्या लावण्याची इथे पूर्वापार पद्धत आहे. तो मोह पाहुण्यांनी टाळावा. पाणी वळलं की फार वेळ देत नाही.

आम्ही वाळूवर उतरलो. चप्पल नको, तळाला पकड असलेला बूट हवा, कारण दगडावरचं शेवाळ गुळगुळीत असतं. धक्क्याच्या भिंतीजवळ गेलं की दगड किती जुने आहेत ते हाताला कळतं. मूळ धक्का आठव्या हेन्रीच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकातला सांगतात. एका कोपऱ्यात शेवंडं आणि कुर्ल्या धरायचे पिंजरे रचून ठेवले होते. एक मच्छीमार त्यातल्या एकाची जाळी शिवत बसला होता. अप्पा तिथे उभे राहिले. इंग्रजी बोलायला ते बिचकतात, पण जाळ्याला भाषा लागत नाही. त्यांनी हाताने गाठ मारून दाखवली, तो हसला आणि त्याने त्याची गाठ दाखवली. वेगळी होती. दोघांनी एकमेकांच्या गाठी दोन-दोनदा मारून बघितल्या. अख्ख्या दिवसात मी काढलेला सर्वांत चांगला फोटो तो आहे, दोन म्हाताऱ्या माणसांचे चार हात आणि एक निळी दोरी.

गाव अजून मासेमारीचं आहे ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मालिका संपली तरी पिंजरे समुद्रात जातात. मात्र घरांच्या दारांशी नीट पाहिलं तर किल्ली ठेवायच्या आकडेवाल्या पेट्या जागोजागी दिसतात. त्या घरांत गावकरी राहत नाहीत, आठवड्याच्या भाड्याने पाहुणे येतात. एका गल्लीत मी सलग पाच दारांवर त्या मोजल्या. सुंदर गाव टीव्हीवर दिसलं की घरं महाग होतात आणि मुलं शेजारच्या शहरात राहायला जातात. आमच्या किनाऱ्यावर हे आता सुरू झालं आहे आणि ते मला खुपतं. म्हणून तिथे गेलात तर निदान चार पैसे गावातल्या माणसाच्या हातात पडतील असं बघा. खेकडा घ्या, पेस्टी घ्या, लाइफबोटच्या, म्हणजे बचाव होडीच्या, देणगीपेटीत काही टाका.

जेवणाचा अनुभव दोन प्रकारचा. बंदर दिसणाऱ्या एका ठिकाणी आम्ही आधी गेलो. अप्पांना गोळी घ्यायची होती, म्हणून मी पाणी मागितलं. आधी ऑर्डर, मग पाणी, असं उत्तर आलं. ऑर्डर घ्यायला पुढची वीस मिनिटं कोणी फिरकलं नाही. नळाचं पाणी आहे, माणूस वयस्कर आहे, हातात गोळीची पट्टी आहे. मला राग आला, अजूनही येतो. आम्ही उठलो. चार पावलांवर एका छोट्या खिडकीतून एक बाई खेकड्याचं सँडविच विकत होत्या. त्यांनी न मागता ग्लासभर पाणी दिलं आणि अप्पांना आतून स्टूल आणून दिलं. सँडविच जाड ब्राऊन ब्रेडचं, आत पांढरं आणि तपकिरी असं दोन्ही मांस, लिंबू, मिरपूड, बस. मसाला नाही म्हणून अप्पांनी आधी कुरकुर केली, मग एक घास घेऊन म्हणाले, "सकाळचीच कुर्ली आहे." ताज्या कुर्लीची गोडी त्यांच्यापासून लपत नाही. किंमत स्वस्त नव्हती, पण भरपूर होतं, दोघांना एक आणि एक पेस्टी पुरली. बटाटा, कांदा, सलगम आणि मांस घातलेली ही करंजीसारखी कडा मुडपलेली पेस्टी. 'कोर्निश पेस्टी' या नावाला २०११पासून कायद्याचं संरक्षण आहे, कॉर्नवॉलमध्ये केलेलीलाच ते लावता येतं. गोमांस खात नसाल तर आधी विचारा, कारण मूळ पेस्टीत तेच असतं. आम्ही चीज-कांद्याची घेतली. खाताना पाठ भिंतीला लावून बसायचं. सीगल मागून येतात आणि हातातला घास उचलतात, आमच्या शेजारच्या मुलाचा गेला आणि ते पोर रडून रडून लाल झालं.

दुपारी अडीचला आम्ही रॉस्कॅरक हिल चढायला लागलो. बंदराच्या पलीकडची ही चढण डॉक्टरच्या दवाखान्याकडे जाते. लहान, पण खडी, आमच्या गावच्या देवळाच्या पखाडीची आठवण यावी अशी. अप्पा दोनदा थांबले. दवाखाना म्हणून दाखवलेलं घर म्हणजे फर्न कॉटेज, दगडी, बसकं, समोर पायऱ्या. हे खासगी घर आहे. आत जाता येत नाही आणि आत गेलात तरी मालिकेतली तपासणीची खोली सापडणार नाही, कारण आतली दृश्यं गावाबाहेर एका शेतावरच्या मोठ्या कोठारात उभारलेल्या सेटवर झाली. हे माहीत नसल्याने बरेच जण तिथे हिरमुसतात. काही तर खिडकीला कपाळ लावून आत बघतात. एक जोडपं पायरीवर बसून फोटो काढत होतं. अप्पा मला मराठीतून म्हणाले, "कोणाचं तरी दार आहे ते." आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या कठड्याशी उभे राहिलो.

तिथे ते बराच वेळ होते. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "दार रस्त्यावर आहे. आपलंही होतं." मग एक गोष्ट सांगितली, मी ती कधी ऐकली नव्हती. १९८९च्या पावसात रात्री एक बाळंतीण पलीकडच्या वाडीतून आणायची होती. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. होडी पाठवली तर ओहोटीमुळे ती चिखलात रुतली. अप्पा कंदील घेऊन काठावर पाणी चढायची वाट बघत उभे राहिले, पावणेतीन तास. बाई वाचली, बाळ नाही. त्यानंतर ते पंचांग उशाशी ठेवायला लागले. तिथीची पाऊणपट त्यांना तेव्हापासून तोंडपाठ.

ते त्या दारासमोर उभे राहून हे सांगत होते आणि खाली बंदरात पाणी हळूहळू परत येत होतं.

उतरल्यावर लाइफबोट स्टेशनजवळ थांबलो. पोर्ट आयझॅकला बचाव होडी पहिल्यांदा १८६९मध्ये आली. आरएनएलआय ही संस्था देणग्यांवर चालते आणि होडीवर जाणारे लोक बहुतेक स्वयंसेवक असतात, गावातलेच. तिथल्या बाईंना अप्पांनी माझ्यामार्फत विचारलं, ओहोटीत हाक आली तर? त्या म्हणाल्या, चाकांच्या गाड्यावरून होडी वाळूवरून ओढत पाण्यापर्यंत न्यायची, थांबायचं नाही. आणि कोणाला रात्री हार्ट अटॅक आला तर? मोठं रुग्णालय ट्रुरोला, तासाभराचा रस्ता, म्हणून हेलिकॉप्टर. कॉर्नवॉलची हवाई रुग्णवाहिका १९८७मध्ये सुरू झाली, ब्रिटनमधली ती पहिली, आणि तीही देणग्यांवर चालते. "१९८७," अप्पा स्वतःशीच म्हणाले. त्यांनी पाकिटातून वीस पौंडांची नोट काढली, घडी उलगडली आणि पेटीत टाकली. ती नोट आईने त्यांना स्वतःसाठी काही घ्यायला दिली होती.

मग चहा. इथे स्कोनवर आधी जॅम लावतात आणि वर घट्ट साय. शेजारच्या डेव्हनमध्ये उलटं. अप्पांना साय आवडली, स्कोन कोरडा वाटला. पाय थकले नसतील तर किनाऱ्याच्या वाटेने दहा मिनिटांवर पोर्ट गॅव्हर्न नावाची आणखी लहान खाडी आहे. जवळच्या डेलाबोलच्या खाणीतला पाटीचा दगड रेल्वे येईपर्यंत तिथूनच गलबतांत भरला जायचा. मी एकटी जाऊन आले, अप्पा बाकावर बसून राहिले. शांत जागा आहे, पण पोर्ट आयझॅकसाठी वेळ कमी पडत असेल तर सोडली तरी चालेल.

चारनंतर बसने आलेली गर्दी ओसरते आणि पाचला गाव गावासारखं होतं. दुकानांची दारं ओढली जातात, कोणी कुत्रं घेऊन उतरतं, मुलं धक्क्यावरून उड्या मारतात. उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी याच प्लॅटवर 'फिशरमन्स फ्रेंड्स' हे गावातल्या पुरुषांचं मंडळ जुनी खलाशांची गाणी म्हणत असे, त्यातूनच त्यांना २०१०मध्ये मोठ्या कंपनीचा रेकॉर्ड करार मिळाला. आम्ही गेलो तो वार गाण्याचा नव्हता. जूनमध्ये उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. बहुतेक लोक दुपारी तीनलाच परततात आणि गावाचा सर्वांत चांगला भाग चुकवतात.

साडेसहाला बंदर भरलं. दुपारी कुशीवर पडलेल्या होड्या सरळ उभ्या राहिल्या. मच्छीमाराचे पिंजरे होते त्या जागेवर पाणी. आम्ही वाळूत चाललो होतो तिथे आता माझं डोकं बुडालं असतं. अप्पांनी घड्याळ बघितलं. "पाऊण अधिक सहा. पावणेसात. पंधरा मिनिटांचा फरक, चालेल."

चढण चढायला आम्हाला अठ्ठावीस मिनिटं लागली, चार थांबे घेऊन. गुडघे फारच अधू असतील तर बरोबरच्या माणसाने खाली टॅक्सी बोलवायची सोय आधीच बघून ठेवावी, फोनच्या भरवशावर राहू नये. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला प्लॅटवर बसून बंदर बघता येईल, बोळ आणि रॉस्कॅरक हिल जमणार नाही. लहान मुलांची ढकलगाडी न्यायची तर हलकी, घडीची. स्वच्छतागृह वाहनतळावरच, गाडीतून उतरल्यावर लगेच वापरून घ्या. शाळांच्या सुट्ट्या आणि ऑगस्ट टाळा.

ब्रिस्टलला पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलं, दवाखाना कसा होता? अप्पांनी तिला डायरी दाखवली. त्यात फर्न कॉटेजबद्दल एक अक्षर नव्हतं. एका ओळीत पेन्सिलने निळ्या दोरीची गाठ काढली होती आणि खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठ वद्य प्रतिपदा. ओहोटी दुपारी १२.२०. भरती सायं. ६.३०. इथे पाऊणपट अधिक सहा.'